फादर स्टीफन्स आणि त्यांचे ख्रिस्तपुराण

लहरीपुऱ्यात घराबाहेर पाऊल टाकले की गुजराती कानावर पडते, घरात मात्र आपण मराठी जपतो. म्हणूनच या अंकासाठी आम्ही अशा एका माणसाचे चरित्र निवडले आहे, ज्याला लहानपणी मराठीचा गंधही नव्हता आणि तरी जो मराठी कवी म्हणून ओळखला गेला.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी तिथे कॅथलिकांवर कडक निर्बंध होते. ते रोमला गेले, १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले आणि १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्याला पोचले. १६१९ मध्ये निधन होईपर्यंतची चाळीस वर्षे बहुतेक साष्टीतच गेली.

साष्टीतले ते दिवस सुखाचे नव्हते. पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती आणि जुनी पुराणे वाचायला बंदी होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलावून घेऊन दगाफटक्याने मारले. ही बाजू झाकून स्टीफन्स यांचे कौतुक करणे आम्हाला योग्य वाटत नाही.

अशा मुलखात त्यांना सांगायचे होते ते ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म, म्हणजे क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला हे. मेलेला उठतो ही गोष्ट मराठी कानांना नवी नव्हती. सावित्रीने सत्यवानाला परत आणले, ज्ञानेश्वरांनी नेवाशाला सच्चिदानंदबाबांना उठविले, हे आपणही ऐकत आलो आहोत. बेथानीच्या लाजराची कथा त्याच जातीची. चार दिवस कबरीत असलेल्या लाजराला येशूने हाक मारली आणि तो चालत बाहेर आला. पण लाजर पुढे केव्हातरी मरणारच होता. येशू उठला तो पुन्हा न मरण्यासाठी, आणि शेवटच्या दिवशी सगळे मृत तसेच सदेह उठतील, असे ख्रिस्ती लोक मानतात. आपला पुनर्जन्म नवा देह देतो. त्यांच्या पुनरुत्थानात देह तोच, पण अविनाशी झालेला. हा फरक कळला तरच ईस्टरचा सण कळतो.

हे सारे स्टीफन्स यांनी ओवीत सांगितले. १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या भागात सृष्टीपासूनची जुनी कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र, मरण आणि पुनरुत्थान. स्वर्गाला त्यांनी चक्क वैकुंठ म्हटले! ग्रंथ मराठी, पण छापला रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे पाडणे तेव्हा जमले नव्हते. चर्चमध्ये लोक तो गाऊन वाचत.

१६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत सापडलेली नाही. लोकांनी हाताने उतरून ठेवलेल्या पोथ्यांवरून जोसेफ साल्दान्हा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला, आणि १९५६ मध्ये पुण्याला शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला.