लुसी डीन : धुळीतला धोका ओळखणारी कारखाना निरीक्षक

घरावर, गोठ्यावर दिसणारे राखाडी सिमेंटचे पत्रे आपल्या ओळखीचे आहेत. अशा बऱ्याच पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे बारीक तंतू असतात. त्याच्या धुळीचा धोका सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारी अहवालात लिहिणाऱ्या लुसी डीन यांची ही ओळख.

लुसी यांचा जन्म १८६५ साली मद्रासला झाला. वडील ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते. १८८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या लढाईत ते मारले गेले. पुढे लुसी यांनी आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १८९४ साली त्या कारखाना निरीक्षक झाल्या. इंग्लंडमध्ये या पदावर बायका नेमायला तेव्हा नुकतीच सुरुवात झाली होती.

कारखान्यात जायचं, कामगार बायकांशी बोलायचं, पाहिलेलं लिहून काढायचं, हे त्यांचं काम. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांत हवेत सतत धूळ उडायची. ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा तिचे कण काचेसारखे धारदार दिसले. ही धूळ श्वासातून आत जाऊन कामगारांना अपाय करते, असं त्यांनी १८९८ च्या अहवालात स्पष्ट नोंदवलं.

पण उपाय झाला का? नाही. अहवाल छापला गेला आणि काम तसंच चालू राहिलं. १९२४ मध्ये रॉचडेल गावच्या नेली कर्शॉ या कामगार बाई फुफ्फुसाच्या आजाराने अवघ्या ३३ व्या वर्षी वारल्या. त्यानंतर कुठे सरकारने पाहणी केली आणि १९३१ साली धूळ रोखण्याचे नियम केले. तेही फक्त कारखान्यांपुरते! लुसी १९५० मध्ये वारल्या. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये.

आपल्या देशात हे पत्रे आजही विकले जातात. पत्रा शाबूत असेल तर लगेच घाबरायचं कारण नाही. तो फोडला, कापला किंवा घासला की तंतू हवेत मिसळतात. त्यांपासून होणारा कॅन्सर कित्येक वर्षांनी, कधी ३०-४० वर्षांनीसुद्धा दिसतो. म्हणून जुन्या पत्र्याचे तुकडे मुलांना खेळायला देऊ नका आणि पत्र्याचं काम चालू असेल तिथून मुलांना लांब ठेवा.

वर्गात ही गोष्ट जरूर सांगा. धोका वेळेवर कळला होता. उशीर झाला तो ऐकून घ्यायला.