खाशाबा जाधव : बापाने दिलेली लाल माती, पोराने नेली हेलसिंकीला

कराड : बापाच्या माघारी पोरांच्या नावावर काय काय लागतं? जमीन असेल तर सातबारा, घर असेल तर उतारा, आणि कधी कधी सोसायटीचं कर्जही. पण काही गोष्टी तलाठ्याच्या दप्तरात येत नाहीत. बाप ज्या तालमीत घुमला, ज्या गावाच्या नावावर कुस्ती धरली, तिचा नाद पोराच्या अंगात तसाच उतरतो. कराडला लागून असलेल्या गोळेश्वर गावात असाच एक नाद आजोबाकडून बापाकडे आणि बापाकडून पोराकडे आला. त्या पोराचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा पैलवान.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. पाच भावांत ते सगळ्यात धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान. आजोबांनाही कुस्तीचा शौक. त्यामुळे घरात कुस्ती काही कुणी मुद्दाम आणावी लागली नाही. जेमतेम पाच वर्षांचं पोर असताना वडिलांनी त्याला मातीत उतरवलं. शेतकऱ्याच्या घरात बैलाचा कासरा जसा बाप हातात देतो, तसाच हा डाव आणि ही पकड बापाने हातात दिली.

त्या काळी जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. हलगी वाजायची, फेटे उडायचे, आणि जोडीला बोलावताना पैलवानाच्या नावाआधी त्याच्या गावाचं नाव घेतलं जायचं. जिंकला तर गाव जिंकलं, हरला तर गाव गप्प. पैलवान म्हणजे गावाचीच पत. खाशाबा वाढले ते हे बघतच. अवघ्या आठव्या वर्षी त्यांनी भागातल्या एका नावाजलेल्या गड्याला दोन मिनिटांत पाडलं, ही गोष्ट आजही सांगितली जाते.

अंगाने लहान, पण पकडीला घट्ट

शाळा कराडची टिळक हायस्कूल. तिथं ते कुस्तीशिवाय पोहणं, पळणं, मल्लखांब यातही पुढे. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली कुस्ती पक्की झाली. १९४२ च्या चळवळीत या भागातली अनेक घरं भूमिगतांना जेवू घालत होती, लपवत होती. शाळकरी खाशाबांनीही त्या कामात हात लावला.

पुढं कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी उभी केलेली कुस्तीची पंढरी. पण तिथं पहिल्याच वर्षी अडचण आली. पोराची शरीरयष्टी बारीक, म्हणून क्रीडाशिक्षकांनी कॉलेजच्या स्पर्धेत नाव घ्यायला नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. परवानगी मिळाली आणि त्यांनी आपल्यापेक्षा दांडगे गडी एकामागून एक पाडले.

बापाकडून जे आलं ते नुसतं बळ नव्हतं, याचा पुरावा इथंच मिळतो. अंग लहान असेल तर चपळाई आणि डोकं वापरावं लागतं. समोरचा जोर लावतोय त्याच जोराने त्याला फिरवावं लागतं. मातीतली ही अक्कल त्यांना पुढं फार कामाला आली.

लंडनला सहावा नंबर

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक झालं. जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर खाशाबांची सगळी कुस्ती लाल मातीतली. समोरच्याची पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली, एवढा साधा हिशोब. लंडनला खाली मॅट, नियम परदेशी, आणि पकडीला, पलटीला गुण. अमेरिकेचे माजी कुस्तीगीर रीस गार्डनर यांनी त्यांना तिथल्या पद्धतीचे धडे दिले. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. मॅटची नीट ओळखही नसलेल्या पैलवानाने जगात सहावं यावं ही छोटी गोष्ट नव्हती. पण खाशाबांचं समाधान झालं नाही. परत येऊन त्यांनी पुढची चार वर्षं त्याच एका ध्यासाने मेहनत केली.

घर गहाण पडलं तेव्हा

१९५२ च्या हेलसिंकीची वाट मात्र सोपी नव्हती. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एक गुण कमी मिळाला आणि निवड हुकते की काय अशी वेळ आली. खाशाबांनी पटियालाच्या महाराजांकडे दाद मागितली. कुस्ती पुन्हा लागली. या वेळी त्यांनी समोरच्याला असं चितपट केलं की गुण मोजायचं कामच उरलं नाही.

निवड झाली, पण पैसा? सरकारी मदतीवर भागण्यासारखं नव्हतं. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी आपापल्या परीने वर्गणी काढली. खाशाबा स्वतः दारोदार फिरले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार म्हणजे किती, हे जुन्या माणसांना विचारावं.

आता डोक्यावर ओझं दोन प्रकारचं होतं. एक बापाच्या नावाचं आणि गावाचं. दुसरं त्या गहाण पडलेल्या घराचं. हात हलवत परत यायची सोयच नव्हती.

२३ जुलै १९५२

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको, जर्मनी इथल्या पैलवानांना त्यांनी हरवलं. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशी. कुस्ती लांबली, दमछाक झाली, आणि इशीने बाजी मारली. पुढं सोन्याचं पदक त्याचंच झालं.

ती कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत रशियाच्या रशीद ममादबेयोव्हशी खेळायला बोलावलं. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विसावा मिळायला हवा होता. पण तो मागायला, पंचांपुढे उभं राहून भांडायला आपल्याकडचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच मॅटवर गेले आणि हरले. ममादबेयोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

त्या कांस्यपदकानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. मध्ये ४४ वर्षं गेली.

बैलगाड्या आणि कर्जफेड

पदक घेऊन खाशाबा कराड स्टेशनवर उतरले तेव्हा सरकारी गाड्यांचा ताफा नव्हता. होत्या त्या बैलगाड्या. शंभरावर गाड्या सजवून लोक घ्यायला आले होते. गावात आकडा १५१ सांगतात. ढोल-लेझीम, गुलाल, आणि स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंतच्या थोड्याशा वाटेला कितीतरी तास लागले. बापाने ज्या पोराला मातीत उतरवलं, त्याला गावाने असं वाजतगाजत घरी आणलं.

पण खाशाबा मिरवणुकीत रमले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, त्यातून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचं गहाण पडलेलं घर सोडवून दिलं. पदकाची गोष्ट सगळे सांगतात. गावाकडच्या माणसाला त्याइतकीच ही कर्जफेडही लक्षात ठेवावीशी वाटते.

वर्दी, वाट बघणं आणि शेवट

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. १९५६ च्या ऑलिंपिकची तयारी करताना गुडघा दुखावला आणि ते स्वप्न तिथंच राहिलं. खात्यात त्यांनी २७ वर्षं नोकरी केली, पोलिसांच्या स्पर्धा गाजवल्या, नवी पोरं तयार केली. बढतीसाठी मात्र वर्षानुवर्षं थांबावं लागलं. सहायक पोलीस आयुक्त झाले ते नोकरीच्या अगदी शेवटी. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं ते वेगळंच. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावण्याचा मान मिळाला, हा त्यातला एक आनंदाचा क्षण.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात खाशाबा गेले. शिवछत्रपती पुरस्कार आणि अर्जुन पुरस्कार दोन्ही मिळाले, पण माघारी. अर्जुन पुरस्कार तर जाऊन कितीतरी वर्षं उलटल्यावर. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या आखाड्याला आज त्यांचं नाव आहे. हयातीत त्यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही.

पोराचं भांडण कशासाठी

बापाकडून नाद घ्यायची रीत या घरात खाशाबांवर थांबली नाही. वडील गेल्यावर त्यांच्या मुलाने दोन गोष्टींसाठी पाठपुरावा चालवला. वडिलांना मरणोत्तर पद्म किताब मिळावा ही एक. आणि गोळेश्वरमध्ये कुस्तीचं प्रशिक्षण केंद्र उभं राहावं ही दुसरी. केंद्राचं आश्वासन नुसतं कागदावर राहतंय असं दिसल्यावर २०१७ साली त्यांनी थेट हेलसिंकीचं ते पदकच लिलावात काढायची तयारी जाहीर केली. त्या पैशातून गावात केंद्र बांधायचं, असा विचार. बापाची सगळ्यात मोलाची ठेव विकायला निघालेला पोरगा बघून अनेकांच्या पोटात कालवलं. पण नीट पाहिलं तर तो बापाच्याच वाटेने चालला होता. खाशाबांनी कुस्त्या लावून गुरूचं घर सोडवलं. पोराला पदक मोडून गावाची तालीम उभी करायची होती.

आता राज्य सरकारने १५ जानेवारी, म्हणजे खाशाबांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला आहे. त्या दिवशी शाळाशाळांत हार घातले जातात, भाषणं होतात. ते व्हायलाच हवं. पण खाशाबा काही भाषण ऐकून घडले नव्हते. घरातल्या पैलवान बापाने पाच वर्षांच्या पोराचं बोट धरून त्याला तालमीत नेलं, तिथून सगळं सुरू झालं. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी गावांत जुनी तालीम आजही उभी आहे. काहींना कुलूप आहे, काहींची माती वर्षानुवर्षं कुणी उकरलेली नाही. येत्या १५ जानेवारीला फोटोला हार घालून झाल्यावर ते कुलूप उघडलं, माती उकरली आणि घरातलं एखादं पोर सोबत नेलं, तर गोळेश्वरच्या पैलवानाला तोच खरा मुजरा ठरेल.