बाळाचे ठोके ऐकणारी नळी आणि डॉ. अडॉल्फ पिनार

प्रसूतिकक्षात नर्स मातेच्या पोटावर लहान कर्ण्यासारखी नळी ठेवून तिला कान लावतात, हे तुम्ही पाहिले असेल. हा फीटोस्कोप. त्याला वीज लागत नाही, म्हणून चोपडा, यावल, शिरपूर, साक्री अशा तालुक्यांतील लहान आरोग्य केंद्रांतही तो वापरता येतो. ही नळी ज्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते, ते फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ म्हणजे डॉ. अडॉल्फ पिनार.

पिनार यांचा जन्म १८४४ साली फ्रान्समधील मेरी-सूर-सेन या छोट्या गावी झाला. पुढे पॅरिसमध्ये ते प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी बाळंतपण अडले की आईला वाचवण्यासाठी अनेकदा पोटातल्या जिवंत बाळाचा बळी दिला जाई. पिनार यांनी या पद्धतीला ठाम विरोध केला. आई आणि बाळ दोघांनाही वाचवायचे, तर बाळ पोटात कसे आहे हे आधी कळायला हवे, अशी त्यांची भूमिका होती.

म्हणून त्यांनी हाताने पोट तपासण्याची पद्धत नीट बसवली आणि १८७८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. बाळाची पाठ कोणत्या बाजूला आहे हे हाताला कळले, की ठोके कुठे स्पष्ट ऐकू येतील तेही समजते. पोटाला कान लावून किंवा स्टेथोस्कोपने ठोके ऐकणे त्यांच्या आधीपासून चालू होते. पिनार यांनी १८९५ च्या सुमारास त्यासाठी सोयीची नळी रूढ केली.

गरीब गरोदर स्त्रियांच्या विश्रांतीकडेही त्यांनी लक्ष वेधले. शेवटच्या महिन्यांत विश्रांती मिळालेल्या मातांची बाळे अखेरपर्यंत कष्टाचे काम करणाऱ्या मातांच्या बाळांपेक्षा वजनदार असतात, हे त्यांनी नोंदींवरून दाखवले. कापूस वेचणीला किंवा केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या आपल्याकडच्या गरोदर भगिनींसाठी ही गोष्ट आजही महत्त्वाची आहे. पुढे ते फ्रान्सच्या संसदेतही निवडून गेले. १९३४ साली, वयाची नव्वदी गाठल्यावर, जन्मगावीच त्यांचे निधन झाले.

आज ठोके कसे तपासतात?

प्रत्येक कळेबरोबर वारेकडे जाणारा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी होतो. सुदृढ बाळ ते सहन करते. थकलेल्या बाळाचे ठोके मात्र कळेनंतरही मंद राहू शकतात. म्हणून कळ ओसरताच किमान एक मिनिट ठोके मोजतात. कळा जोरात सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी आणि आई जोर देऊ लागल्यावर दर ५ मिनिटांनी ते ऐकले जातात. मिनिटाला ११० ते १६० ठोके सर्वसाधारणपणे योग्य मानतात.

गर्भारपण निर्धोक असेल तर फीटोस्कोप किंवा हातातले डॉप्लर पुरेसे असते. मशीन सतत लावले नाही म्हणजे दुर्लक्ष झाले, असे समजू नका. मात्र रक्तदाब जास्त असेल, रक्तस्राव होत असेल, पाणी हिरवट असेल, आधी सिझेरियन झाले असेल किंवा कळांसाठी सलाईनमधून औषध चालू असेल, तर सतत नोंद ठेवणारे सीटीजी मशीन लावण्याचा सल्ला देतात.

ठोके बिघडल्यास आईला कुशीवर वळवतात, कळांचे औषध थांबवतात. तरीही सुधारणा झाली नाही तर लवकर प्रसूती करावी लागते किंवा जळगाव, धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागते. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांची वाट पाहण्यात वेळ घालवू नका. निर्णय कोण घेईल, सोबत कोण जाईल, हे नवव्या महिन्याआधीच ठरवा आणि १०८ क्रमांक जवळ ठेवा.

कळा सुरू होण्यापूर्वीही बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळपर्यंत थांबू नका, लगेच तपासून घ्या.