वाल्डेमार हाफकिन

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने प्रवेश केला. घरोघर माणसे दगावू लागली. भयभीत झालेले लोक शहर सोडून गावोगाव पळाले आणि पुढे पुणे, सातारा अशा जिल्ह्यांतही रोग पसरला. त्यावर खात्रीचे औषध नव्हते. अशा वेळी सरकारने कलकत्त्याहून एका शास्त्रज्ञास पाचारण केले. त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिस येथे पाश्चर यांच्या संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली व १८९२ साली ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढल्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी काम आरंभिले. काचेच्या चंबूत मांसाचा पोषक अर्क भरून त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे आणि त्यात प्लेगचे जंतू सोडावयाचे. चंबू हलला नाही, म्हणजे तुपाखाली जंतूंचे धागे झुंबरासारखे लोंबू लागत. हीच प्लेगच्या जंतूंची खूण. त्यात दुसरा एखादा जंतू शिरला, तर सारे श्रम वाया! हात, भांड्याचा काठ, बूच या वस्तू वरून कितीही स्वच्छ दिसल्या, तरी त्यांवर जंतू असू शकतात. म्हणून अर्काचा थेंब निराळ्या पात्रात वाढवून तो शुद्ध असल्याची परीक्षा घेत. मग उष्णतेने जंतू मारून लस तयार होई.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःस टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील कैदी स्वेच्छेने पुढे आले. लस गुणकारी ठरली. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली.

परंतु ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी अनर्थ घडला. त्या दिवशी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व जण एकाच बाटलीतील लस टोचलेले होते. चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेस दिला. हाफकिन पदास मुकले आणि व्यथित मनाने युरोपास परतले.

तरीही त्यांनी धीर सोडला नाही. साऱ्या नोंदी तपासून त्यांनी आपली बाजू मांडली. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीच वाढले असते, तर ती उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. शिवाय बूच काढावयाचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता. तो उकळून न घेता केवळ जंतुनाशक पाण्यात बुडवून पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात! १९०७ साली रोनाल्ड रॉस आदी नामवंत शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू उचलून धरली व त्याच वर्षी ते निर्दोष ठरले.

ते कलकत्त्यास पुन्हा कामावर रुजू झाले. मुंबईची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत लाभली नाही. १९२५ साली त्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

लक्षावधी माणसांना ज्यांच्या लसीने आधार दिला, त्या थोर पुरुषाची कीर्ती एका मळलेल्या चिमट्यामुळे पाच वर्षे झाकोळून गेली. डोळ्यांना दिसते तेवढीच स्वच्छता पुरेशी नसते, हे या घटनेने जगास शिकविले.