बर्ट मन्रो

हर्बर्ट जेम्स "बर्ट" मन्रो (२५ मार्च, १८९९ - ६ जानेवारी, १९७८) हे न्यू झीलंडमधील मोटारसायकल शर्यतपटू होते. त्यांचा जन्म इन्व्हरकार्गिल येथे झाला. १९२० साली त्यांनी ६०० सीसी क्षमतेची इंडियन स्काउट ही अमेरिकन बनावटीची मोटारसायकल विकत घेतली. तिचा कमाल वेग ताशी सुमारे ८९ किमी होता.

इंजिनातील बदल

पैसा बेताचाच असल्याने मन्रो बहुतेक सुटे भाग स्वतः घडवीत. जुन्या डब्यांचे साचे करून त्यांनी दट्ट्ये ओतले. मूळ इंजिनात दोन कॅम चार झडपा चालवीत. त्यामुळे प्रवेश व निकास झडपांच्या उघडझापीच्या वेळा स्वतंत्रपणे ठरविता येत नसत. मन्रो यांनी चार कॅमची रचना केली आणि झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नेल्या. प्रयोगांत इंजिन अनेकदा निकामी झाले. तरी त्यांनी तीच गाडी सुधारणे सोडले नाही. इंजिनाची क्षमता अखेरीस ९५० सीसी झाली.

विक्रम

२६ ऑगस्ट, १९६७ रोजी, ६८ वर्षांचे असताना, त्यांनी अमेरिकेतील बॉनव्हिल क्षारपठारावर १,००० सीसीखालील गटात ताशी २९५.४५ किमी वेगाचा विक्रम केला. गणनेतील चूक लक्षात आल्यावर २०१४ साली तो २९६.२६ किमी असा दुरुस्त करण्यात आला.