बाळू पालवणकर : मैदानावरचा मान आणि मैदानाबाहेरचा चहा

यंदाच्या स्मरणिकेत एका थोर खेळाडूचे चरित्र द्यावे असे ठरले, तेव्हा आम्ही बाळू पालवणकर हे नाव निवडले. परभणी, जिंतूर, सेलू, पूर्णा या भागांतून शिकावयास येणाऱ्या मुलांना आजच्या क्रिकेटपटूंची नावे तोंडपाठ असतात. परंतु भारताच्या पहिल्या थोर गोलंदाजाचे नाव त्यांच्यातील क्वचितच कोणी ऐकलेले असते.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करी नोकरीत होते. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रोलर ओढण्याचे काम बाळूंना मिळाले; पगार महिना ३ रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ते ४ रुपयांवर गेले. तेथे ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज सरावासाठी लवकर येई आणि बाळू तासन् तास त्याला चेंडू टाकीत. बॅट मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती कधी आली नाही. आम्हांस वाटते, बाळूंच्या जिद्दीचे मूळ येथेच आहे. उत्तम फलंदाज रोज समोर, आणि बाद करण्यावाचून स्वतःला सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग नाही! डाव्या हाताची ती संथ गोलंदाजी, तो अचूक टप्पा, ती फिरकी अशा मजुरीतून घडली.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांवर विजय हवा होता. म्हणून बराच वाद होऊन बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर सर्वजण एकच चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, जेवणाचे ताट वेगळे मांडले जाई. एका पंगतीत जेवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावे लागते. बळी मिळत गेले तसतसे हे निर्बंध सैल झाले. हे मनपरिवर्तन होते की गरज, याविषयी आम्हांस शंकाच आहे.

प्लेगच्या काळात ते मुंबईस आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. त्या सामन्यात बाळूंनी ८ बळी घेतले. धाकटे बंधू शिवरामही संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण पस्तिशीतल्या बाळूंनी, खांदा दुखत असतानाही, शंभरावर बळी मिळविले. मायदेशी परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी मोठा आदर होता.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना रीतसर कधी मिळाले नाही. १९२० मध्ये बाळूंना वगळण्यात आले आणि विठ्ठल यांचीही कर्णधारपदासाठी उपेक्षा झाली, तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. आमच्या मते त्या घराण्याची ही सर्वांत कठीण खेळी होय. तीन वर्षांनी विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने १९२३ चे चौरंगी सामने जिंकले.

यापुढील भाग लिहिणे आमच्यासारख्यांना अवघड आहे, तरी तो गाळणे बरे नव्हे. बाळूंनी राजकारणात बाबासाहेबांपेक्षा वेगळी वाट धरली. १९३२ च्या पुणे कराराखाली त्यांचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत तर काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. चेंडूच्या बळावर बंद दारे उघडलेला हा माणूस. हिंदू समाजात राहूनच उरलेली दारे उघडतील असे त्यांना वाटले असावे. बाबासाहेबांचा तो विश्वास तोवर उडाला होता आणि १९३५ मध्ये येवल्यास त्यांनी तसे जाहीरही केले होते. बाळू सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. आम्ही त्यांचे मत स्वीकारीत नाही, त्यांची गोलंदाजी मात्र आमचीच मानतो.

४ जुलै १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा पंधरा महिने अवकाश होता.