पॅराशूटने नुसतं पडायचा कंटाळा आला, म्हणून या गड्याने पाठीला लाकडी पंख बांधले

सोलापूरकरांना गड्ड्याची यात्रा नव्याने सांगायची गरज नाही. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे लागतात आणि फळ्यांच्या गोल विहिरीत कोणीतरी हात सोडून मोटारसायकल फिरवत असतो. वर कठड्याला टेकून बघणारा माणूस कसरत बघायला आलेला असतो, हे खरंय. पण आज काही झालं तर, अशी धाकधूक त्याच्या मनात असतेच. खरं सांगायचं तर तिकिटाचे पैसे त्या धाकधुकीचेच असतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात असाच खेळ विमानतळावर व्हायचा. त्याला एअर शो म्हणायचे. रविवारी, सुट्टीच्या दिवशी लोक पोराबाळांना घेऊन, डबे बांधून यायचे. विमानांच्या कोलांट्या व्हायच्या, पॅराशूटच्या उड्या व्हायच्या. आणि पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरात नाव असायचं ते पक्षीमानवाचं.

२१ मे १९५६, सोमवार. इंग्लंडमध्ये सुट्टी होती. लिव्हरपूलच्या स्पीक विमानतळावर लाखभर लोक माना वर करून उभे होते. वर विमानात ३७ वर्षांचा एक फ्रेंच माणूस दोन्ही बाजूंना बाल्सा लाकडाचे पंख लावून दाराशी उभा होता.

त्याचं नाव लिओ व्हॅलेंटिन.

आडनाव ऐकून गुलाबाचं फूल आठवलं असेल, तर तसला काही विषय नाही. हा गडी प्रेमात पडला होता तो हवेच्या.

लिओचा जन्म २२ मार्च १९१९ चा, पूर्व फ्रान्समधल्या एपिनाल गावचा. विमानांचं वेड लहानपणापासूनचं. त्याला लढाऊ विमानाचा पायलट व्हायचं होतं. पण नशिबात सीट नव्हती, दार होतं. सैन्यात गेल्यावर तो पॅराट्रूपर झाला. अल्जेरियात बराकी नावाच्या ठिकाणी फ्रेंचांचं प्रशिक्षण केंद्र होतं, तिथे त्याने उडी मारायला शिकून घेतली.

तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि १९४० मध्ये फ्रान्स पडला. लिओ पुढे मोरोक्कोत प्रशिक्षक होता, तिथून इंग्लंडला पोचला आणि ब्रिटिशांच्या एसएएस या कमांडो दलाखाली लढणाऱ्या फ्रेंच पॅराट्रूपर्समध्ये सामील झाला. १९४४ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या आपल्याच देशात तो पॅराशूटने उतरला. चकमकीत हाताला गोळी लागली. ज्या हातांवर पुढे त्याचं सगळं आयुष्य तोललं जाणार होतं, त्यातला एक हात असा आधीच जखमी झालेला.

युद्ध संपलं. लिओ फ्रान्सच्या दक्षिणेला पो इथल्या पॅराशूट शाळेत प्रशिक्षक झाला. पगार चालू, नाव झालेलं. दुसरा कोणी असता तर निवांत पेन्शनची वाट बघत बसला असता. पण याच्या डोक्यात एक किडा वळवळत होता.

विमानातून उडी मारल्यावर पॅराशूट उघडेपर्यंत माणूस नेमकं काय करतो? काहीच नाही. पडतो. तेही धड पडत नाही. गरगर फिरतो, कोलांट्या खातो, कधी डोकं खाली तर कधी पाठ. त्या काळातल्या पॅराशूटवाल्यांनी हे गृहीतच धरलं होतं. त्यामुळे लवकर दोर ओढायचा आणि सुटायचं, एवढाच हिशेब. जास्त वेळ फिरत राहिलं की भोवळ येते आणि दोर ओढायचं राहून जातं, अशी भीती असायची. ती खोटीही नव्हती.

लिओने यावर डोकं लावलं. बॅडमिंटनचं शटलकॉक आठवा. कसंही फेका, खाली येताना त्याची बुचाची बाजूच पुढे असते. जड भाग पुढे, पसरलेली पिसं मागे, त्यामुळे हवाच त्याला सरळ करते. माणसाला असं शटलकॉक होता आलं तर? त्याने पोट खाली केलं, पाठीची कमान केली, छाती पुढे काढली आणि हात-पाय पसरून मागे वर उचलले. शरीराचा मधला भाग सगळ्यात खाली, टोकं वर. मे १९४७ मध्ये त्याने हे हवेत करून दाखवलं आणि गरगरणं थांबलं. माणूस हवेत अलगद पालथा झोपल्यासारखा स्थिर राहिला.

या मुद्रेला त्याचंच नाव पडलं, व्हॅलेंटिन पोझिशन. आज जगात कुठेही स्कायडायव्हिंग शिकायला जा, पहिला धडा पाठीच्या कमानीचाच असतो. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून १३ हजार फुटांवरून उडी मारली. त्या उड्या ज्या विद्येवर उभ्या आहेत, तिचा पाया घालणाऱ्यांत हा फ्रेंच प्रशिक्षक होता.

इथे थांबला असता तरी लिओचं नाव राहिलंच असतं. पण स्थिर पडता येऊ लागलं आणि त्याला नवंच दुःख सुरू झालं. स्थिर असो की अस्थिर, शेवटी हे पडणंच. पालथा झोपलेला माणूस ताशी साधारण २०० किलोमीटरने खाली येतो. सोलापूरच्या सिद्धेश्वर कारखान्याची २०२३ मध्ये पाडलेली चिमणी आठवते ना, ९० मीटरच्या आसपासची? तेवढी उंची या वेगाने दोन सेकंदांच्या आत संपते. पक्षी असा कुठे येतो? तो पुढे जातो. एक मीटर खाली येताना कितीतरी मीटर पुढे. लिओला ते पाहिजे होतं. त्याने सैन्य सोडलं आणि पंखांच्या मागे लागला.

हे वेड पहिल्यांदा त्यालाच लागलं असंही नाही. १९३० च्या दशकात क्लेम सोन नावाचा एक अमेरिकन तरुण हात आणि पायांच्या मध्ये कापडाचे पडदे शिवून वटवाघळासारखा उडी मारायचा. एप्रिल १९३७ मध्ये पॅरिसजवळ व्हॅन्सेनला त्याचं पॅराशूट उघडलं नाही. लोकांच्या डोळ्यांदेखत तो गेला, तेव्हा वय होतं २६. लिओ त्या वेळी १८ वर्षांचा होता. त्यामुळे या धंद्याचा शेवट कसा होऊ शकतो, हे कळायला त्याला कोणाच्या सल्ल्याची गरज नव्हती.

लिओनेही सुरुवात कापडापासूनच केली. १९५० मध्ये पॅरिसजवळ व्हिलाकुब्ले इथे लाखोंच्या गर्दीसमोर त्याने कापडी पंखांनी उडी घेतली. फसली. पंख होते, पण पुढे जाणं नव्हतं. नंतरच्या प्रयत्नात थोडंफार वळण घेता आलं, तरी त्याला उडणं म्हणावं असं काही घडलं नाही. कापड हवेत फडफडतं, त्याला पक्का आकार राहत नाही, हे लिओच्या लक्षात आलं.

मग त्याने लाकडाचे ताठ पंख घेतले. आता आकार पक्का झाला, पण नवं संकट आलं. हवेचा मार पंखांना मागे ढकलतो. ते पाठीवर मिटले तर माणूस आपल्याच पंखांत अडकून गोल फिरत खाली येणार. म्हणून पंख एका मर्यादेपुढे वळू नयेत अशी अडणी बसवली. तरीही सुरुवातीच्या उड्यांत तो भोवऱ्यासारखा फिरला आणि पॅराशूटने कसाबसा वाचला. घरी आला, पंख दुरुस्त केले, पुन्हा गेला.

१३ मे १९५४ ची उडी मात्र जमली. या पंखांनी आपण तीन मैल, म्हणजे जवळपास पाच किलोमीटर उडत गेलो असं लिओने सांगितलं. हे अंतर नेमकं किती होतं यावर शंका घेणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण तो नुसता पडला नाही, काही काळ पुढे सरकत राहिला, एवढं धरायला हरकत नाही. अंगाला पंख लावून माणूस पुढे जाऊ शकतो, हे नंतरच्या विंगसूटवाल्यांनी रोज करून दाखवलंय.

आता या गोष्टीतला सगळ्यात चटका लावणारा भाग. लिओ ज्या प्रश्नाशी झुंजत होता त्याचं बरंचसं उत्तर त्या वेळी जगात हजर होतं.

साठ वर्षं मागे चला. जर्मनीत ओटो लिलिएंथाल नावाचा इंजिनिअर विलोच्या काड्या आणि कापडाचा पंख करून टेकडीवरून पळत सुटायचा आणि तरंगत खाली यायचा. अशा २ हजारांहून जास्त उड्या त्याने मारल्या. बर्लिनच्या सपाट भागात डोंगर मिळेना म्हणून त्याने १८९४ मध्ये मातीची १५ मीटरची टेकडीच रचून घेतली. (सोलापूरसारख्या सपाट मुलखातल्या हौशी मंडळींनी नोंद घ्यावी.) १८९६ मध्ये त्यातच पडून तो गेला. पण हँग ग्लायडिंगचं बीज त्याने पेरलं होतं.

आणि लिओ पो इथल्या शाळेतून बाहेर पडण्याच्या बेतात होता त्याच सुमारास, १९४८ मध्ये, अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो हा संशोधक बायको गर्ट्रूडबरोबर स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या कापडाची एक त्रिकोणी पतंग उडवत होता. तिला ताठ सांगाडा नव्हता, हवाच तिला आकार द्यायची. १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन डिकन्सनने याच आकाराखाली माणूस टांगायची सोपी युक्ती काढली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हँग ग्लायडर जगभर पसरला.

फरक नीट समजून घ्या. लिओच्या पंखांचा सगळा भार त्याच्या खांद्यांवर आणि हातांवर. कबुतराला हे जमतं, कारण त्याचे छातीचे स्नायू शरीराच्या मानाने प्रचंड असतात. माणसाचे नसतात. हँग ग्लायडरमध्ये माणूस पंखाला पट्ट्यांनी लोंबकळतो, घड्याळाच्या लंबकासारखा. वजन पंखाच्या मधोमध. समोरच्या दांड्याला धरून अंग डावीकडे सरकवलं की पंख डावीकडे वळतो. हातात ताकद लागते ती फक्त सरकण्यापुरती.

दुसरा फरक सुरुवातीचा. हँग ग्लायडरवाला उतारावरून पळत निघतो. समोरून येणारा वारा पंखात भरतो आणि पाय आपोआप सुटतात. काही चुकलं असं वाटलं तर पळणं थांबवता येतं. विमानातून निघणाऱ्याला ही सोय नाही. शंभर-दीडशे किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या विमानाच्या दारातून रुंद पंख घेऊन बाहेर पडायचं, म्हणजे भर वादळात दाराबाहेर छत्री उघडण्यासारखं आहे. लिओ मुळात पॅराशूटवाला होता. त्याच्यासाठी उडण्याची सुरुवात विमानाच्या दारातूनच व्हायची. डोंगर चढून पळत सुटावं, हे त्याच्या वाटेत आलंच नाही.

आणि स्पीकला तेच दार आडवं आलं.

त्या दिवसासाठी त्याला २०० पौंड मिळणार होते. त्या काळात रक्कम बरी होती, पण जिवाच्या मानाने काहीच नाही. उडी मारताना विमानाच्या बाजूने येणाऱ्या हवेच्या झोताने त्याला फेकलं, पंख विमानावर आपटला आणि त्याचा तुकडा उडाला. एक पंख मोडका, एक साबूत. आता गरगर फिरण्यावाचून दुसरं काही शक्यच नव्हतं. ज्या गरगरण्यावर त्याने नऊ वर्षांपूर्वी उपाय शोधला होता, तेच परत आलं होतं. फक्त या वेळी हात पसरायला मोकळे नव्हते, ते पंखांत अडकलेले होते.

त्याने पॅराशूट सोडलं. ते बाहेर आलं, पण पसरलंच नाही. पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखं वर लांबच लांब ताणलं गेलं. विमानतळाजवळच्या शेतात तो कोसळला आणि जागेवरच गेला. खाली उभ्या असलेल्या अनेकांना काही वेळ हा खेळाचाच भाग वाटला.

मृतदेह फ्रान्सला नेण्यात आला. पूर्व फ्रान्समधल्या सॅं-सोव्हर या गावात त्याच्यावर अंत्यसंस्कार झाले.

त्याचं वेड मात्र तिथे पुरलं गेलं नाही. १९९० च्या दशकात पात्रिक द गायार्दोन या दुसऱ्या फ्रेंच माणसाने लाकूड टाकून दिलं आणि पुन्हा कापडाकडे वळला. या वेळी कापड दुहेरी होतं, आत हवा भरून फुगणारं, त्यामुळे त्याला आकार राहायचा. आजचा विंगसूट त्यातूनच आला. एप्रिल १९९८ मध्ये हवाईत पॅराशूटमध्ये केलेला एक बदल चुकला आणि गायार्दोनही गेला. २००८ मध्ये स्वित्झर्लंडच्या इव्ह रोसीने पाठीला ताठ पंख आणि छोटी जेट इंजिनं बांधून इंग्लिश खाडी ओलांडली. रोसीचे पंख मात्र हातांना नव्हते, पाठीला होते. हात मोकळे होते.

स्पीकचा तो जुना विमानतळ आता बंद झालाय. धावपट्टी दुसरीकडे गेली, आणि ज्या टर्मिनलच्या गच्चीवरून लोक विमानं बघायचे तिथे आता हॉटेल आहे.